मदत हवी आहे : गर्दीच्या पॅसेंजरमध्ये सायकल कशी न्यावी?

नमस्कार. कोल्हापूर-मिरज पॅसेंजरमध्ये काही जण सायकल डब्याच्या दारातच उभी करतात. हातकणंगले, जयसिंगपूरला गर्दी चढू लागली की हँडल-पेडलमधून वाट काढताना काठी टेकत येणाऱ्या वृद्धांचे आणि कडेवर मूल असलेल्या बायकांचे फार हाल होतात, कारण गाडी तिथे थोडाच वेळ थांबते. सायकलवाल्यांची अडचणही खरी आहे. स्टेशनपासून कारखान्यापर्यंत रोज रिक्षा परवडत नाही. सायकल पार्सल कार्यालयात बुक करून सामानाच्या डब्यातून नेता येते, हे ठाऊक आहे. परंतु इतक्या कमी अंतरासाठी, मधल्या लहान स्टेशनांवर ती चढवणे-उतरवणे कोणाला जमले आहे का? घडीची सायकल बाकाखाली मावते का? कृपया अनुभव कळवावा.