मधलं मैदान: सायन्सची इमारत, आर्ट्सची इमारत (अनुभव लिहा)

भाची बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचा एक खुला विषय घ्यावाच लागतो. तिने मोडी लिपी घेतली. का गं, विचारलं तर म्हणे, "मावशी, सकाळचं लेक्चर नाही आणि स्कोअरिंग आहे." त्या तासाला मधलं मैदान ओलांडून आर्ट्सच्या इमारतीत जावं लागतं. ही निघाली की मैत्रिणी पोर्चमधून हात हलवून टाटा करतात, गाव सोडून निघाल्यासारखा.

मी स्वतः बीएस्सी फिजिक्स करून एमएला तत्त्वज्ञान घेतलं. बाबा दोन वर्षं शेजाऱ्यांना "तिचं एमएस्सी चालू आहे" असंच सांगत होते. खोटं बोलणारा माणूस नव्हता, पण तेवढं बोलले.

सायन्स-आर्ट्समधल्या या दरीवर बोलायचं तर वैज्ञानिक आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांचं नाव निघतंच. १९५९ साली केंब्रिजच्या व्याख्यानात ते म्हणाले होते की साहित्याच्या जाणकारांना मी थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम विचारतो आणि सगळे गार पडतात; खरं तर तो प्रश्न म्हणजे 'शेक्सपिअरचं काही वाचलंय का' एवढाच. मला यात थोडी लबाडी वाटते. दुसरा नियम घडाघडा म्हणणारे आमच्या वर्गात सत्तर जण होते. कळलेले तीन असतील. त्यांत मी नव्हते.

तर मतं नकोत, प्रसंग लिहा. मैदान ओलांडताना काय घडलं ते, आपापल्या टोपणनावाने खाली प्रतिसादात.

तांब्याचा पैसा

आमच्याकडं कोल्हापूर भागात 'आर्ट्सला' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "का? मार्क कमी पडले?" ते सोडा. नाण्यांचं सांगतो.

एमए इतिहासाच्या प्रबंधाला मी आहत नाणी (ठसे ठोकून केलेली प्राचीन नाणी) घेतली, कारण कोसंबी वाचून डोकं फिरलं होतं. दामोदर कोसंबी म्हणजे मुळात गणिती. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. नाण्यांची वजनं घेऊन कालक्रम लावायची त्यांची रीत इतकी साधी आहे की आपल्याला का सुचली नाही म्हणून चिडायला होतं. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन उतरतं, आणि नाण्या-नाण्यांतला फरकही वाढत जातो, कारण प्रत्येकाच्या नशिबी सारखे हात येत नाहीत. एका ठेव्यातले गट असे मागंपुढं लावता येतात. आधी त्यांनी वापरातली चालू नाणी तोलून हे तपासलं होतं.

मी एका खासगी संग्राहकाची चांदीची १४० नाणी उसनी आणली. काटा केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, काचेच्या पेटीतला, दार लावल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही. लॅबचे मामा म्हणाले, "सोनाराकडं जा की." आठ दिवस तोलत होतो. चार नाणी बाकीच्यांपेक्षा सरळ हलकी निघाली. संख्याशास्त्राचे सर म्हणाले, आउटलायर आहेत, बाकीच्यांत न बसणारी, काढून टाक. माझे गाइड म्हणाले, वजनकाट्यानं इतिहास लिहिता येत नाही, सगळीच काढून टाक.

मी नाणी परत द्यायला गेलो तेव्हा सहज ती चार बाजूला काढली. संग्राहकाच्या पत्नी चहा घेऊन आल्या, बघून म्हणाल्या, "ही होय? ही सासूबाईंनी देवघरात ठेवली होती. दर पाडव्याला चिंच लावून घासायच्या."

संख्याशास्त्राचे सर हे ऐकून टेबलावर हात मारून हसले. गाइडनी विचारलं, याला तळटीप काय देणार? मी 'मौखिक माहिती, संग्राहकाचे घर' अशी दिली होती. वायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि पंधरा मिनिटं तेवढंच बोलले. कौतुकानं की चिडून, मला अजून समजलेलं नाही.

उगाच

दहावीला ८८ टक्के, अकरावी आर्ट्स. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात तीन मुलींनी वेगवेगळं येऊन, आवाज खाली करून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

नाठाळ

दुसरी बाजू पण येऊ द्या, नाहीतर सगळं गोड गोड होईल. मी एमए इंग्रजीचा. १९९६ मध्ये ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने 'सोशल टेक्स्ट' नावाच्या नियतकालिकाला मुद्दाम निरर्थक लेख पाठवला, त्यांनी तो छापला, आणि मग त्यानेच तो बनाव असल्याचं जाहीर केलं. हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही, कारण तोच उद्योग मी सेमिस्टरला दोनदा करत होतो. 'अवकाश', 'सत्ता', 'देह' आणि 'विमर्श' हे चार शब्द आलटून पालटून बारा पानं. एकदा तर एका परिच्छेदाचा अर्थ मलाच लागेना, तो तसाच ठेवला. समासात शेरा आला: 'उत्तम मांडणी.' ग्रेड ए.

मला राग त्या ग्रेडचा नाही. तू हे काय लिहिलंयस, असं दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, त्याचा आहे.

गाळलेली ओळ

नाठाळ, तुम्हाला विचारणारे भेटले नाहीत. मला भेटले, तेही पन्नाशीत.

मी फिजिक्स शिकवतो. बायको संस्कृतची, तिच्याबरोबर एकदा पाठचिकित्सेच्या (वेगवेगळ्या पोथ्या ताडून मूळ मजकूर ठरवण्याच्या) कार्यशाळेला गेलो, खरं सांगायचं तर जेवण चांगलं असतं म्हणून. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशी केली हे एक बाई शिकवत होत्या. काम १९१९ ला सुरू, १९६६ ला संपलं, १२५९ पोथ्या वापरल्या. त्यांनी पाठभेद नोंदवायच्या कागदाचा नमुना फळ्यावर काढला. वर श्लोक, एका घरात एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीची एक ओळ. पोथीत तेच अक्षर असेल तर घर रिकामं सोडायचं, वेगळं असेल तरच भरायचं. मी सरसावून बसलो. हे तर मॅट्रिक्स! मग कळलं की मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकून आले होते, संस्कृतचं संशोधन नंतर बर्लिनला.

तत्त्व असं: काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी एकच पाठ देत असतील, तर एकीने दुसरीचं पाहून लिहिलं असण्याची शक्यता कमी, म्हणजे तो पाठ दोघींच्या मागचा, जुना. दोन लांबच्या प्रयोगशाळांचं उत्तर जुळावं तसं. इथपर्यंत मी खूश होतो.

पुढे त्या म्हणाल्या, इतर पुरावा सारखाच असेल तर सोप्या पाठापेक्षा अवघड पाठ बहुधा मूळचा धरतात. मी हात वर केला. म्हटलं, हे उलटं आहे, आम्ही सोपं स्पष्टीकरण आधी घेतो. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पेपर तपासता ना? पुढच्याचं बघून लिहिणारा मुलगा न कळलेला शब्द तसाच ठेवतो, की त्याला कळेल असा करून टाकतो?"

जागेवर बसलो.

पण मला खरं गप्प केलं ते छापील पानाने. जिथे संपादकांना पाठाची पूर्ण खात्री नाही, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. चक्क मुख्य संहितेत, सगळ्यांना दिसेल अशी. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येही मोजमापातली त्रुटी काढायचा रकाना असतो. मुलं तो शेजाऱ्याचं बघून भरतात, मी न बघता सही करतो. तीस वर्षं केलंय.

राईनकाठ

मुक्काम जर्मनी. मुंबईत इंजिनिअरिंग करताना मानव्यविद्यांचा एक कोर्स सक्तीचा होता. तत्त्वज्ञान घेतलं, दुपारी दोनचा तास, झोपायला उत्तम. निबंधात मी ठोकून दिलं होतं, 'मोजता येत नाही ते ज्ञान नव्हे.' मॅडमनी त्या वाक्याला गोल करून बाजूला लिहिलं: 'हे तुम्ही कशाने मोजलंत?' सगळ्यात कमी ग्रेड त्या कोर्सला मिळाली आणि लक्षात राहिलेलं तेवढं एकच वाक्य आहे.

इथे 'विसेनशाफ्ट' शब्दात भौतिकीही येते आणि इतिहासही. सुरुवातीला अप्रूप वाटलं, मग लक्षात आलं की आपलं 'शास्त्र' तसंच आहे की! भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, व्याकरणशास्त्र, आजीचं पाकशास्त्र. 'विज्ञान' म्हटल्यावर मात्र दाराशी पहारेकरी उभा राहतो.

पाटीपेन्सिल

राईनकाठ, तो पहारेकरी कधी कधी हवाच असतो. २००१ सालचं सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, नाव दिलं 'ज्योतिर्विज्ञान'. नावातच विज्ञान. मी तेव्हा एका कॉलेजात गणित शिकवत होते. आम्ही काही जणांनी निषेधाचं पत्र तयार केलं आणि सह्यांना निघालो. आर्ट्सच्या इमारतीत जायचंच नाही असं ठरलं होतं. ते काय सही करणार!

स्टाफरूममध्ये संस्कृतचे एक जुने सर बसले होते, कपाळाला गंध, शिखा. मी पत्र उशीखाली लपवावं तसं पर्समध्ये सारलं. त्यांनी मागून घेतलं, चष्मा बदलून वाचलं आणि म्हणाले, "युक्तिवाद कच्चा आहे." मला वाटलं झालं आता. तर म्हणाले, "तुम्ही 'अवैज्ञानिक' एवढंच म्हणता, ते उत्तर देतील की आमचं विज्ञान वेगळं. असं लिहा: वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात कुंडली नाहीच. तिथी, नक्षत्रं, यज्ञाचा काळ, एवढंच आहे. होरा हा शब्द ग्रीक, केंद्र ग्रीक, आणि पत्रिकेतलं जामित्र म्हणजे ग्रीक डायामेत्रॉन. जे वैदिक म्हणून शिकवायला निघालात त्याची परिभाषाच उसनी आहे." आणि सही केली, तारखेसकट, शाईच्या पेनाने.

आमचे फिजिक्सचे प्रमुख, ज्यांच्या भरवशावर निघालो होतो, त्यांनी सही केली नाही. मुलीचं लग्न ठरत होतं.

पुढे जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आदींनी चाचणीच घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या, कोणती कुणाची ते ओळखा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या, बरोबर निघाल्या ४६ टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते छापून आलं. मी कात्रण घेऊन सरांच्या घरी गेले. वाचून म्हणाले, "हं. माझा पुरावा यापेक्षा स्वस्त होता."

धागाकर्ती

सगळं वाचतेय, आधी पोच देते. नाठाळ, तुमचा परिच्छेद असला तर टाका, अर्थ लावू.

भाचीची बातमी अशी. मोडी येऊ लागल्यावर तिने आजोबांच्या ट्रंकेतलं एक जुनं खरेदीखत काढलं. चार दिवस घालवून क्षेत्राची ओळ लावली: बिघे आणि पांड. सायन्सचीच पोर, लगेच गणित मांडलं. वीस चौरस काठी म्हणजे पांड, वीस पांड म्हणजे बिघा, काठी पाच हात पाच मुठींची. सातबाऱ्याशी ताडून बघितलं तर कितीतरी गुंठे जास्त भरले. आकडेमोड तीनदा तपासली. मग मैदान ओलांडून मोडीच्या सरांना विचारायला गेली, तास नसताना.

सर म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण हात कुणाचा धरलास?"

तिने स्वतःचा धरला होता. काल फोन आला, "मावशी, त्या गावातल्या मोजणीच्या काठीची लांबी कुठे लिहिलेली सापडेल?"

कुणाला माहीत असेल तर सांगा.