मदत हवी आहे: कमी चाऱ्यात भागवणाऱ्या गायी ओळखायच्या कशा?

नमस्कार मंडळी. पैदाशीसाठी गायी निवडताना दुधाबरोबर चाऱ्याचाही हिशेब धरायचा विचार आहे, त्यासाठी अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

दोन गायी सारखंच दूध देतात, वजनही जवळपास सारखं, पण एकीची गव्हाण लख्ख रिकामी आणि दुसरीपुढे वैरण उरलेली. दूध आणि वजन पाहता जेवढं खायला हवं आणि प्रत्यक्षात जेवढं खाल्लं, यातला फरक म्हणजे संशोधक सांगतात तो 'रेसिड्युअल फीड इनटेक'; तो जितका कमी, तितकी गाय काटकसरी. हा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक आहे. खाल्लेल्या ऊर्जेतला साधारण 2 ते 12 टक्के भाग पोटात मिथेन वायू होऊन वाया जातो आणि कमी खाल्लं तर हा तोटाही कमी, म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो.

अडचण मोजमापाची. वैरण सगळ्यांना एकत्रच पडते. जीनोमिक चाचणी (डीएनए तपासून गुणांचा अंदाज बांधणं) आहे, पण तिचे अंदाज ज्या जातीच्या नोंदींवर बेतलेले असतात, त्या जातीबाहेर, खासकरून संकरित जनावरांत, ते कच्चे ठरतात.

कुणी गायी वेगळ्या बांधून टाकलेली आणि उरलेली वैरण रोज तोलली आहे का? किती आठवड्यांच्या नोंदी पुरतात? हिरव्या चाऱ्यातलं पाणी वजा करून कोरडं वजन कसं काढता?

आणखी एक. नुकती व्यालेली गाय अंगावरची चरबी झिजवून दूध देते. तेव्हा मोजलं तर खंगणारी गायच काटकसरी ठरेल, आणि अशा गायी पुढे वारंवार उलटल्या (गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या) तर सगळंच मुसळ केरात. तुम्ही मोजणी वेताच्या कोणत्या महिन्यात करता?