मशिदीत गणपती बसतो, पण सांगलीत घर मिळत नाही

वारणाकाठ
गणपती जवळ आले की आमच्या वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीचा फोटो फिरायला लागतो. १९६१ साली पावसात मूर्ती भिजू नये म्हणून गावानं ती मशिदीत नेली आणि १९८० पासून दरवर्षी गणपती तिथंच बसतो. गावाबद्दल मला आदरच आहे. प्रश्न आहे तो फोटो पाठवणाऱ्यांना.

माझ्या ऑफिसातला एक जण, आडनाव मुजावर, सांगलीत विश्रामबागच्या बाजूला घर बघत होता. फोनवर सगळं जमायचं: भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. मग 'नाव काय म्हणालात?' आणि संध्याकाळी निरोप, की आमच्या मेहुण्याला द्यायचं ठरलंय. प्रत्येक घरमालकाला ऐनवेळी एक मेहुणा उगवायचा. शेवटी तो मिरजेत आपल्या लोकांच्या वस्तीत राहायला गेला, रोज ये-जा करतो.

सण दहा दिवसांत उरकतो. शेजार म्हणजे एक जिना, एक टाकी आणि पोरं एकाच रिक्षातनं शाळेला. हा शेजार आपल्याकडं आटत चाललाय आणि सणांचे फोटो त्यावर पांघरूण घालतात, असं माझं मत. तुमचं सांगा. शिव्या नकोत.

कडेगावचा दोर
सण म्हणजे फोटो, हे तुमचं गृहीतच चुकतंय. आमच्या कडेगावच्या मोहरमला या एकदा. मिरवणुकीच्या दिवशी सगळेच येतात, तुम्ही त्याच्या आधी या, ताबूत (मिरवणुकीतले उंच मनोरे) बांधायला. शंभर फुटांच्या वर जाणारी ही बांबूची कामं. आधी कळस, मग पाया! वरचा मजला बांधायचा, तो उचलून धरायचा आणि त्याच्या पोटाखाली पुढचा जोडायचा. काही ताबूत मुसलमानांचे, काही हिंदू घराण्यांचे. गाठ मारणारा खाली, वरचा तोल सांभाळणारे भोवती दोर धरून. दोर धरणाऱ्याचा हात सैल पडला तर माणूस जाईल. तिथं आडनाव विचारत बसायला फुरसत कुणाला?

असं दरवर्षी एकत्र राबलं की माणसाला माणसाची सवय लागते. वर्षाच्या मध्ये काही वाकडं झालं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं ते आम्हाला माहीत असतं. सांगलीच्या फ्लॅटवाल्यांना ते माहीत नसेल तर तो मोहरमचा दोष नव्हे.

हळदपेठ
घराचा मुद्दा उगाच धर्मावर नेताय. सांगलीत बरेच घरमालक शाकाहारी. मी मराठा, मलाही 'नॉनव्हेज चालत नाही' म्हणून दोनदा हाकललंय. तेव्हा माझ्यासाठी कुणी धागा काढला नव्हता.

आणि एकोप्याची परीक्षा नेहमी हिंदूंचीच का? प्रतापगडाखाली अफजलखानाच्या कबरीभोवतीचं अतिक्रमण २०२२ च्या १० नोव्हेंबरला निघालं. तोवर किती वर्षं गेली? एकही 'एकोपावाला' त्यावर बोलला नाही. भोंग्यांवरही गप्पच.

वारणाकाठ
@हळदपेठ, मुजावर स्वतःहून म्हणाला होता की घरात मटण-मासे करणार नाही, लेखी देतो. मालक म्हणाले, 'तसं नाही हो, बाकीचे काय म्हणतील.' तुम्हाला हाकललं ते तुमच्या ताटावरून. त्यानं ताट सोडलं तरी नाव उरलंच.

मिरज जंक्शन
अतिक्रमण कुणाचंही असो, काढावंच, त्यात दुमत नाही. पण त्याचा मुजावरच्या भाड्याशी काय संबंध ते समजलं नाही.

मी मिरजेचा, २००९ पाहिलेला. गणपतीतल्या एका कमानीवर अफजलखान वधाचं चित्र, त्यावरून दगडफेक, मग संचारबंदी. विसर्जन रखडलं, दंगल सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. ऑक्टोबरात विधानसभा होती, एवढंच नमूद करतो.

म्हणून मला 'मिरज म्हणजे एकोप्याचं माहेरघर' ही भाषणंही सोसत नाहीत आणि 'सगळं ढोंग आहे' हेही पटत नाही. त्याच गावात मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरसाला चर्मकार समाजाचा गलेफ (कबरीवर घालायची चादर) मानाचा असतो. किराणा घराण्याचे गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्यात, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरसात रात्र रात्र गाणं चालतं. तिथं भैरवीपर्यंत बसणाऱ्यांत धोतर-टोपीवाले किती असतात ते येऊन बघा.

गाव पुन्हा उभं राहिलं ते मात्र गाण्यानं नाही, धंद्यानं. आमच्या सतारमेकर गल्लीत भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, कारागीर बहुतेक मुसलमान, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं नाहीतर धारवाडचं. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं. तंबोरा घ्यायला आलेल्या गवयाला आडनावाशी देणंघेणं नसतं, तो कान लावून जवारी, म्हणजे तारेची झंकार, ऐकतो. भांडायचं म्हटलं तर पोटावर पाय येतो, दोन्ही बाजूंच्या. माझा भरवसा पोटावर जास्त आहे.

हळदपेठ
मग बहिष्काराच्या हाका दिल्या की धंदाही गेला. यात्रेत बोकड कुणी कापायचं यावरून वाद घालणारी पोरं मी आमच्या भागात ऐकली आहेत. बापजाद्यांपासून मुलाणी कापतोय, आत्ता कुठं यांना आठवण झाली. (हे मलाही पटत नाही. मी काय सगळ्याच गोष्टींना पाठिंबा देत नाही.)

खटावची लेक
इथं एकही मुसलमान बोललेला दिसत नाही, म्हणून लिहिते.

२०२२ ला १० जुलै आणि २०२३ ला २९ जून, दोन्ही वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. आमच्या गावात दोन्ही वेळा नमाज त्या दिवशी आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी झाली. पोलिसांनी सांगायच्या आधीच मोठ्यांनी ठरवलं होतं. कुर्बानीला तीन दिवस चालतात, त्यामुळं धर्माला बट्टा नाही. पुढं २०२३ च्याच सप्टेंबरात अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ लाच आल्या. ठिकठिकाणी जुलूस एक दिवस पुढं ढकलला, सरकारनं सुट्टीही २९ ला दिली.

त्याच सप्टेंबरात, १० तारखेला रात्री, आमच्याच खटाव तालुक्यात पुसेसावळीत मोबाईलवरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला. एक तरुण मारला गेला. सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं.

आम्ही तारीख सरकवली की पेपरात 'आदर्श' म्हणून चौकट येते. कौतुक नको असं नाही. पण सरकून घेणं हे आमचं कर्तव्य आणि शांत बसणं हे समोरच्याचे उपकार, असा हिशोब होऊन बसलाय. गोटखिंडीच्या लोकांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनी मशिदीचं दार मनानं उघडलं. पण मुजावरांना घर मिळालं नाही याचं मला नवल नाही. साताऱ्यात माझ्या भावानं मित्राच्या नावावर करार केला. आता मित्र दर महिन्याला आठवण करून देतो.

कडेगावचा दोर
ताई, पुसेसावळीचं काही समर्थन होऊच शकत नाही. पण मला सांगा, तिथंही पूर्वी मोहरमचे पंजे उठायचेच ना? पंजे उचलणारी हिंदू पोरं होती ना? ती कुठं गेली, हा प्रश्न मला जास्त छळतो. वारणाकाठ म्हणतात सण पांघरूण आहे. मी म्हणतो पांघरूण विरलं म्हणून थंडी वाजतीय.

खटावची लेक
दादा, आहेत की. ती पोरं पुण्याला आहेत, कंपनीत. पंजा उचलायला दोन दिवसांची रजा काढून येतात आणि ग्रुपवर काय फॉरवर्ड करतात ते मला माहीत आहे. दोन्ही कामं एकच हात करतो.

निवृत्त मास्तर, कराड
वारणाकाठ यांच्या बाजूनं एक दाखला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका छताखाली. पाणी भरणं, भाकऱ्या थापणं, भांडी घासणं पाळीपाळीनं. त्या काळात केवढी टीका झाली असेल! भाऊराव काही सणाला एकत्र या म्हणून सांगत बसले नाहीत, त्यांनी पोरांना एका चुलीवर आणलं. माझ्या नोकरीत असं बोर्डिंग जवळून पाहिलं. कुणाची भाकरी करपली यावरून भांडणं व्हायची, जातीवरून क्वचित. आज त्याच जिल्ह्यात समाजवार वसतिगृहं मागतात आणि पुढारी भूमिपूजनाला जातात. एकत्र राहायची सवय वयाच्या दहाव्या वर्षी लावायची गोष्ट आहे, चाळिशीतल्या घरमालकाला कोण लावणार?

हळदपेठ
मास्तर, बोर्डिंगचं मान्य. पण घर माझं, भाडेकरू मी निवडणार. हे तुम्ही कायद्यानं बदलणार का? तसं असेल तर स्पष्ट म्हणा.

वारणाकाठ
घर तुमचंच. मी कायदा मागत नाही. फक्त उद्या गोटखिंडीचा फोटो तुम्ही स्टेटसला ठेवलात तर खाली लिहा, 'आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र चालणार नाही.'

हळदपेठ
मी तो फोटो कधी ठेवलेलाच नाही. ढोंगाचा आरोप माझ्यावर बसत नाही, दुसरं गिऱ्हाईक बघा.

मिरज जंक्शन
हे बरोबर आहे, हळदपेठ निदान तोंडावर बोलतात.

कामाचं बोलू का? शांतता कमिटीची बैठक फक्त सणाच्या तोंडावर होते. तेच चेहरे, तोच चहा, तीच 'आमचं गाव शांत आहे' ही भाषणं. ती चार महिने आधी घ्या, आणि त्यात मंडळांच्या अध्यक्षांऐवजी व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन बोलवा. आग तिथं लागते. भाड्याचा विषयही तिथं निघू दे, पोलिसांसमोर.

खटावची लेक
आणि बायका. आमच्या तालुक्याच्या बैठकीचा फोटो पाहिला, खुर्चीवर एकही बाई नव्हती. अफवा आली की पोरांना घरात कोंडून घेणारी, शेजारणीला फोन करून 'तुमचा पोरगा बाहेर आहे का' विचारणारी बाईच असते. तिला बोलवत नाहीत.

कडेगावचा दोर
बायकांचं मान्य. अॅडमिनचं नाही, ते येऊन नुसती सेल्फी काढतील.