मावशी आठ दिवस गप्प का होती

ताई: मावशी, आठ दिवस ग्रुपवर नाहीस. बरी आहेस ना गं?

मावशी: ठणठणीत. पुस्तक वाचतेय. हेक्सचं.

आई: तरीच! रात्री अकराला फोन केला तर म्हणाली, "थांब, तिसऱ्या ओळीत अडकलेय." मला वाटलं विणकाम काढलंय.

मामा: हेक्स म्हणजे तो षटकोनी घरांचा खेळ? अक्का, त्यावर पुस्तक? त्याचे नियम तर दोन ओळींचे!

मावशी: नियम दोन ओळींचे म्हणूनच तर पुस्तक जाडजूड आहे. ११ × ११ चा पट, घरं १२१. तांबडीने वरची कड खालच्या कडेला जोडायची, निळीने डावी उजवीला. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मरत नाही. संपले नियम. बुद्धिबळात निदान राजा कुठे आहे ते तरी दिसतं, इथे तासभर काहीच दिसत नाही आणि मग एकदम कळतं की आपण दहा चालींपूर्वीच हरलोय.

ताई: मग मजा कसली त्यात?

मावशी: सांगते. कागदावर पट आखलाय, सोंगट्या म्हणून तांबडी-निळी बटणं. पुस्तकातली एक आकृती मांडायची, उत्तरावर हात ठेवायचा आणि बसायचं. दिवसाला तीन पानं, जास्त नाही. पहिल्याच दिवशी माझी चूक सापडली. इतकी वर्षं मी सोंगटीला सोंगटी चिकटवत जायचे, भिंत रचल्यासारखी. आता हे बघ. घराला उभ्या रांगेचं अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा. एक सोंगटी एफ ६ वर, दुसरी जी ७ वर. एकमेकींना शिवलेल्या नाहीत. मधे दोन रिकामी घरं, एफ ७ आणि जी ६. समोरच्याने एकात घातली की मी दुसऱ्यात. म्हणजे न जोडताच जोडलेल्या! याला ब्रिज म्हणतात. एका चालीत दुप्पट अंतर. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि नुसती त्या दोन रिकाम्या घरांकडे बघत बसले.

बंटी: आणि तो दोन्ही घरांत एकदम घालू शकत नाही, कारण चाल एकच.

मावशी: हो, पण एकच रिकामं घर दोन ब्रिजना सामाईक असलं तर तो तिथे घालून दोन्हींवर एकदम चाल करतो. तिथे मी दोनदा फसले.

मामा: मी समोर ठाण मांडून अडवायचो. सगळे हरायचे माझ्याशी.

मावशी: अरे, सगळे म्हणजे आम्ही दोघी बहिणी. नाकासमोर घातलेली सोंगटी काही अडवत नाही, समोरचा बगल देऊन जातो. अडवायचं तर लांबून, तो जिथे पोचणार तिथे. दोन्हीकडून वळला तरी वाटेत आपण.

आई: ते तिसऱ्या ओळीचं काय होतं मग?

मावशी: कडेपासून तिसऱ्या ओळीत सोंगटी असली आणि आजूबाजूला पुरेशी जागा मोकळी असली, की ती कडेला पोचलीच समजायची. दुसऱ्या ओळीतलीला तर कडेची दोन घरं शेजारीच. तेही ब्रिजच. मी मात्र ओळी उलट्या बाजूने मोजत होते. तीन दिवस गेले, मग चूक कळल्यावर एकटीच हसले. थोडा दोष पुस्तकाचाही आहे. आकृती एका पानावर आणि तिचा खुलासा पान उलटल्यावर. बोट घालून बसावं लागतं. संगणकाचं प्रकरण मी सरळ सोडलं.

बंटी: अगं, तेच वाचायचं! अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेक्स खेळणारं विजेचं यंत्र केलं होतं. सोंगट्यांच्या जागी विद्युतभार, आणि त्यावरून पुढची चाल. एकूण पटाची नजर चांगली होती, शेवटच्या बारीक हिशेबात चुकायचं.

मावशी: म्हणजे मामासारखं.

मामा: हा खेळ काढला कोणी?

बंटी: दोघांनी, वेगवेगळा. डेन्मार्कच्या पीट हाइनने १९४२ मध्ये, तिथल्या वर्तमानपत्रात पॉलिगॉन नावाने आला. नंतर अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात गणितज्ञ जॉन नॅशने स्वतंत्रपणे, १९४० च्या दशकाच्या शेवटी. हेक्स हे नाव १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने पट विकायला काढला तेव्हाचं.

ताई: बरोबरी झाली तर?

मावशी: होतच नाही. पट पूर्ण भरला असं धर. तांबडी म्हणजे पाणी, निळी म्हणजे बांध. एक तर पाणी वरून खाली पोचतं, नाहीतर बांध या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड आहे म्हणूनच ते अडलंय. तिसरं काही नाही.

बंटी: आणि पहिल्याने खेळणारा नीट खेळला तर जिंकतोच, हे नॅशने सिद्ध केलं. दुसऱ्याकडे हमखास जिंकायची युक्ती असती तर पहिल्याने एक सोंगटी कुठेही ठेवून तीच युक्ती चोरली असती. जास्तीची सोंगटी कधी नडत नाही. पण कसं जिंकायचं ते सिद्धतेत नाही. ९ × ९ पर्यंत संगणकाने प्रत्येक पहिल्या चालीचा निकाल लावलाय, ११ × ११ चा पूर्ण निकाल अजून नाही.

मावशी: म्हणून तर पहिली चाल झाली की दुसऱ्याला ती आपली करून घ्यायची मुभा असते. फार जोरदार चाल केलीस तर समोरचा तीच उचलतो. त्यामुळे सुरुवात मुद्दाम मिळमिळीत करायची. त्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

मामा: एवढे लांब मेसेज मी वाचत नाही हां.

मावशी: नको वाचूस. बंटी, शिडी समजली तुला? मी दुसऱ्या ओळीत, तो कडेच्या ओळीत. मी एक घर पुढे, तो एक घर पुढे. टोकापर्यंत अशीच वरात आणि हाती काही नाही. पण पुढे वाटेत आधीच माझी एखादी सोंगटी कडेला जोडून बसलेली असेल, तर शिडी तिला जाऊन टेकते आणि मी सुटते. मग ती सोंगटी आधी ठेवायची कशी? दुसरीकडे कुठेतरी धमकी देत देत. त्याला वाटतं आपण धमकी परतवली.

आई: ही आता रात्रभर झोपत नाही.

मामा: बोलणं पुरे, अक्का. इथेच ग्रुपवर खेळू. बंटी पट काढून फोटो टाकेल. मी तांबडा, पहिली चाल माझी. एफ ६. बरोबर मध्यात!

मावशी: घेतली.

मामा: काय घेतली?

ताई: मामा, वर जाऊन वाच.