विषय: मिनीव्हॅन अधूनमधून गिअर बदलत नाही, गॅरेजमध्ये मात्र नीट चालते

प्रेषक: सभासद, नोव्हाय

नमस्कार मंडळी,

गेले सहा आठवडे आमच्या गाडीने झोप उडवली आहे. सात सीटची मिनीव्हॅन, २०१४ ची, १ लाख १८ हजार मैल झालेत. एरवी नीट चालते. पण आठवड्यातून एखाद-दोन वेळा, अर्धा-पाऊण तास चालवून झाल्यावर, एकदम झटका बसतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. पेडल दाबलं की इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएमचा काटा ४ हजारांवर जातो आणि वेग ४० मैलांच्या वर सरकत नाही. बाजूला थांबून गाडी बंद केली, पुन्हा चालू केली की काही झालंच नव्हतं अशी पळते.

मागच्या शुक्रवारी इथे मिशिगनमध्ये आय-९६ फ्रीवेवर हेच झालं. मागे दोन्ही मुलं, शेजारी साताऱ्याहून आलेल्या सासूबाई आणि पाठीशी हॉर्न देणारा ट्रक. हॅझर्ड लावून कशीबशी शोल्डरला, म्हणजे कडेच्या पट्टीवर घेतली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी आधी देवापुढे दिवा लावला, मग पाणी प्यायल्या.

डीलरकडे दोनदा ठेवली. दोन्ही वेळा कागदावर ‘दोष आढळला नाही’. दुसऱ्या एका गॅरेजने गाडी चालवूनही न बघता ट्रान्समिशन (गिअर बदलणारी सगळी यंत्रणा) बदला म्हणून ४,८०० डॉलर सांगितले. खर्च करायला आमची ना नाही, पण तो योग्य जागी होतोय हे कळायला हवं. कुणाला असा अनुभव आहे का?

---

प्रेषक: सभासद, ॲन आर्बर

ताई, वाचून काळजी वाटली. आमच्या सेडानला दोन वर्षांपूर्वी त्रास झाला होता. ४० ते ४५ च्या वेगात, पाय पेडलवर स्थिर असताना गाडी थरथरायची, रस्त्याकडेच्या खाचांवरून चाक गेल्यासारखी. आम्ही ट्रान्समिशनचं ऑइल बदललं आणि थरथर गेली. तुम्हीही आधी ऑइलच बदलून बघा, मशीनवर फ्लश करून मिळतं, म्हणजे जुनं सगळं ढकलून काढून नवं भरतात.

---

प्रेषक: सभासद, कँटन

नमस्कार,

मी २६ वर्षं ट्रान्समिशनच्याच कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲन आर्बरच्या ताईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांची थरथर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरकडे पोचवतो आणि स्थिर वेगात हा क्लच दोघांना थेट जोडतो. ते ओळखायची खूण सोपी आहे. थरथर चालू असताना पेडलवरचा पाय न हलवता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेकचा दिवा लागण्यापुरता. त्याने लॉकअप सुटतो. थरथर तिथल्या तिथे थांबली तर बहुधा दोष त्या क्लचचा किंवा जुन्या ऑइलचा. नाही थांबली तर इंजिनचा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही का, ते तपासावं. हे करून बघायचं ते मोकळ्या, सरळ रस्त्यावरच.

नोव्हायच्या ताई, तुमची गाडी जे करते त्याला लिंप मोड म्हणतात. ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे (फिरत्या दांड्यांचे) फेरे सतत मोजत असतो. त्यांचं गुणोत्तर चालू गिअरशी जुळलं नाही, किंवा एखादा आकडा यायचाच बंद झाला, की गिअर पकडून ठेवणारे आतले क्लच जळू नयेत म्हणून तो गाडी एका गिअरमध्ये धरून ठेवतो. गाडी बंद-चालू केली की तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. म्हणून तुम्हाला ती बरी झाल्यासारखी वाटते. आकडा चुकला म्हणजे क्लच घसरला असेल असं नाही. मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायरही चुकत असेल. पहिल्याला हजारो डॉलर लागतात, दुसऱ्याला काहीशे. गाडी न चालवता ४,८०० सांगणाऱ्याने हा फरक शोधलाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही आता एवढं करा. गाडीत एक वही ठेवा. दर वेळी घरी पोचल्यावर लिहा: चालू केल्यापासून किती मिनिटं झाली होती, बाहेर किती थंडी होती, पाऊस किंवा ओला रस्ता होता का, वेग किती, चढ होता का, खड्डा लागला होता का. अधूनमधून येणारा दोष गॅरेजच्या दारात कधी येत नाही, तो कधी येतो हे गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं. डीलरकडे चावी देऊन निघून येऊ नका. तंत्रज्ञाला शेजारी बसवा आणि दोष येतो त्या वेळेपर्यंत गाडी तुम्ही चालवा.

दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर साधा नको. सुट्या भागांच्या दुकानात फुकट बघतात तो बऱ्याचदा पी ०७०० हा कोड एवढंच दाखवतो. त्याचा अर्थ फक्त ‘ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरला विचारा’. खरा कोड त्या कॉम्प्युटरमध्ये असतो. माझ्याकडे तो वाचणारा स्कॅनर आहे, आज संध्याकाळी आणून देतो. बॅटरी आणि अर्थची वायरही तपासून घ्या, व्होल्टेज खाली गेलं की हे कॉम्प्युटर काहीही समजतात. आणि गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन (ओळख क्रमांक) एनएचटीएसए या रस्ते सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर टाका, रिकॉल निघाला असेल, म्हणजे कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावल्या असतील, तर दुरुस्ती फुकट होते. तिथे कंपनीची सर्व्हिस बुलेटिनं, म्हणजे तंत्रज्ञांसाठीच्या दुरुस्तीच्या सूचनाही मिळतात. बुलेटिन म्हणजे रिकॉल नव्हे, पण ते छापून नेलं की डीलरला ‘दोष आढळला नाही’ म्हणणं जड जातं.

मशीनचा फ्लश माझ्या मते आत्ता नको. निदान व्हायच्या आधी ऑइल बदललं तर पुरावा जातो. जुन्याचा रंग बघा, वास घ्या. करपट वास आणि काळपट रंग असेल तर क्लच बहुधा खरंच जळलाय. पुढे बदलायचं झालं तर खालचं बूच काढून निथळायचं आणि कंपनीने सांगितलेलंच भरायचं. एका वेळी निम्मंही निघत नाही, म्हणून थोड्या थोड्या अंतराने तीनदा करावं लागतं.

तोवर मुलांना आणि आजींना घेऊन फ्रीवेवर जाऊ नका. आतल्या रस्त्याने जा. आणि चालत्या गाडीत इंजिन बंद-चालू करू नका, स्टिअरिंग जड होतं.

---

प्रेषक: सभासद, नोव्हाय

काका आणि मंडळी,

अडीच आठवड्यांनी लिहिते आहे. वहीत सात नोंदी झाल्या. सातही वेळा ३० मिनिटांच्या पुढे, त्यातल्या पाच ओल्या रस्त्यावर. काकांच्या स्कॅनरवर पी ०७१५ निघाला, आतल्या शाफ्टच्या सेन्सरचा. बुधवारी पावसात मी चालवत होते आणि अहो शेजारी बसून स्कॅनरवरचा आलेख बघत होते. झटका बसला त्या क्षणी शाफ्टच्या फेऱ्यांची रेघ थेट शून्यावर पडली आणि लगेच परत वर आली. काकांना फोन केला तर ते म्हणाले, ‘ताई, फिरता शाफ्ट असा पापणी लवायच्या आत थांबत नाही. वायर बघा.’

आलेख आणि वही घेऊन तिसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. त्या तंत्रज्ञाने वही पूर्ण वाचली, मग गाडी वर घेतली. सेन्सरच्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती, रबरी सील फाटलेलं. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी तिथे शिरत होतं. तापल्यावर पिन सैल होऊन संपर्क तुटत असणार, असं त्याचं म्हणणं. ऑइल लालसर होतं, करपट वास नव्हता. सेन्सर, नवा कनेक्टर, मजुरी धरून ३१० डॉलर झाले.

त्यानंतर ६०० मैल झाले, त्यात दोन दिवस धो धो पाऊस. एकदाही झटका नाही. काल सासूबाईंना घेऊन आय-९६ नेच लॅन्सिंगला जाऊन आलो. जाताना त्या वरचं हँडल घट्ट धरून बसल्या होत्या, येताना झोपल्या.

काका, स्कॅनर रविवारी मराठी शाळेत आणते. वहीची झेरॉक्सही आणू का? कुणाला नमुना हवा असेल तर उपयोगी पडेल.