मुलीच्या कण्याचा बाक ९६ अंश, दोन सर्जन, दोन वेगळे सल्ले

अनूचे_बाबा:
नमस्कार. मुलगी १३ वर्षांची, स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वाकलेला. छातीच्या भागातला बाक ९६ अंश. पूर्वी ५० च्या आत होता, ब्रेसही (कण्याला आधार देणारा पट्टा) लावला, पण उंची वाढू लागली तसा बाकही वाढत गेला. आता जिना चढताना धाप लागते. पीएफटीत (श्वासाच्या चाचणीत) फुप्फुसांची क्षमता निम्म्याहून कमी आली.

एक सर्जन म्हणतात, आधी डोक्याला रिंग लावून काही आठवडे हॅलो ट्रॅक्शन देऊ, म्हणजे वजन लावून कणा हळूहळू ओढू, मग ऑपरेशन करून कण्यात स्क्रू-रॉड बसवू. दुसरे म्हणतात, एक मणका पूर्ण काढून एकाच ऑपरेशनमध्ये करू. पाय लुळे पडण्याचा धोका पहिल्यांनी 'एक टक्क्याच्या आसपास' सांगितला, दुसऱ्यांनी 'त्याहून बराच जास्त'. माझी आई म्हणते, चालती-फिरती पोर आहे, कशाला हात लावायचा? मला तिला उत्तर देता येत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया लिहावं.

निखिलची_आई:
आमच्या मुलाला ट्रॅक्शन होतं. रिंग पाहून पोटात गोळा येतो, पण ती भूल देऊन बसवतात आणि पहिले एक-दोन दिवस गेले की मुलं सरावतात. वजन हळूहळू वाढवतात, पार शरीराच्या वजनाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. पडून राहावं लागत नाही, व्हीलचेअरला आणि वॉकरलाही ट्रॅक्शन जोडता येतं. रिंगच्या पिना डोक्यात जिथे बसवतात ती जागा रोज नीट साफ करा, पू किंवा लाली दिसली तर लगेच सांगा. नर्स दर काही तासांनी डोळे फिरवायला, जीभ बाहेर काढायला, पाय हलवायला सांगतील. कंटाळा आला तरी एकही वेळ चुकवू देऊ नका, नसांवर ताण येतोय का हे त्यातूनच कळतं. त्याचा श्वास आणि भूक ऑपरेशनच्या आधीच सुधारली होती.

सिग्नलवाली:
अनूचे बाबा, मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यूरोमॉनिटरिंग करते, म्हणजे ऑपरेशन चालू असताना नसांचे सिग्नल तपासते. सर्जन नाही, त्यामुळे दोन्हींपैकी कोणतं ऑपरेशन हे मी सांगणार नाही. पण पाय लुळे पडण्याच्या भीतीबद्दल बोलू शकते, कारण ते होऊ नये म्हणून लक्ष ठेवणं हेच माझं काम.

रुग्ण पालथा असतो. डोक्यावरून दिलेला बारीक विजेचा झटका मज्जारज्जूतून पायाच्या स्नायूंपर्यंत पोचतो का, आणि घोट्याजवळ दिलेला मेंदूपर्यंत जातो का, हे मी पूर्ण वेळ पाहत असते. पायाचा सिग्नल पडला की मी मोठ्याने सांगते आणि सगळे थांबतात. भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात, हिमोग्लोबिन आणि शरीराचं तापमान बघतात, सर्जन शेवटची ओढ सैल करतात. बहुतेकदा सिग्नल परत येतो. नाही आला तर रुग्णाला अर्धवट जागं करून 'पाय हलव' म्हणतात. स्टॅग्नारा आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही वापरात आहे.

आता टक्क्यांबद्दल. एक टक्का किंवा त्याहून कमी हा आकडा सहसा ५०-६० अंशांच्या, लवचीक बाकाच्या किशोरवयीन मुलांचा असतो. उलट २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोली-रिस्क-१ या अभ्यासात गुंतागुंतीच्या बाकाची ऑपरेशनं झालेल्या प्रौढांपैकी सुमारे २२ टक्क्यांच्या पायांची ताकद घरी जाताना आधीपेक्षा कमी होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आलं, म्हणजे बरेच जण सावरले. तुमची मुलगी या दोन्ही गटांत बसत नाही. म्हणून दोन्ही सर्जनना विचारा, 'हा आकडा कोणत्या रुग्णांचा? तुम्ही स्वतः ९० च्या वरचे किती बाक केलेत, आणि त्यातल्या किती जणांच्या पायांना त्रास झाला?' असं विचारण्यात संकोच करू नका.

एवढ्या मोठ्या बाकात मज्जारज्जू आतल्या बाजूच्या हाडाला टेकून ताणलेला असतो. त्याला एकदम लांब केलेलं सोसत नाही. मणका काढला की लांबी वाढवायची गरज कमी होते, पण मधल्या काळात कणा पूर्ण तुटलेला असतो, तात्पुरत्या रॉडवर तोललेला, आणि रक्तही खूप जातं. ट्रॅक्शनमध्ये तोच ताण थोडा थोडा आणि मूल जागं असताना येतो. 'बोटांना मुंग्या येतायत' हे मूल स्वतः सांगतं, वजन लगेच उतरवता येतं. माझी मशीन कितीही चांगली असली तरी जाग्या मुलाची बरोबरी करत नाही. मात्र ट्रॅक्शन सगळ्यांना चालत नाही. एका जागी टोकदार, कडक कुबड असेल तर ओढण्यानेच इजा होऊ शकते. संपूर्ण कण्याचा एमआरआय झाला नसेल तर आधी तो. बाक इतका वेगाने वाढलाय, मज्जारज्जूत पाण्याची पोकळी किंवा खाली अडकलेला रज्जू आहे का हे कळायलाच हवं.

रॉडधारी:
माझं ऑपरेशन विशीत झालं. पायांच्या भीतीत बाकीचं विचारायचं राहतं, म्हणून लिहितो. हाड नीट जुळलं नाही तर रॉड तुटतो. माझा तुटला, पुन्हा टेबलावर जावं लागलं. जंतुसंसर्ग वर्षांनंतरही होऊ शकतो. बारीक मुलांना ऑपरेशननंतर सतत हिरवट उलट्या झाल्या तर 'भुलीमुळे असेल' म्हणून सोडू नका. कणा लांबल्यामुळे आतडं वरच्या रक्तवाहिनीखाली दाबलं जाऊ शकतं. आधी वजन वाढवलेलं बरं.

अनूचे_बाबा:
सगळ्यांचे मनापासून आभार. एमआरआय झालेला नाही, उद्याच विचारतो. थांबलो तर काय होईल, आणि शेवटी किती सरळ होईल?

सिग्नलवाली:
वाढ संपल्यावरही छातीतला ५० च्या वरचा बाक साधारण वर्षाला एक अंश सरकत राहतो, आणि हिची वाढ तर अजून बाकी आहे. आजींना हेच सांगा. आज चालतेय हे खरं, पण फुप्फुसांची जागा कमी होतेय, आणि गेलेली क्षमता ऑपरेशनने पूर्ण भरून येत नाही. सरळ किती, यावर अडून बसू नका. ९६ चे ५० झाले, डोकं कमरेच्या मधोमध आलं आणि पाय शाबूत राहिले, तर मी ते उत्तम ऑपरेशन म्हणेन. सिग्नल परत आला नाही तर त्या दिवशी तिथेच थांबून उरलेलं काम काही दिवसांनी करतील का, हे सही करण्याआधी विचारून घ्या. तसं झालं तर बाहेर आल्यावर 'अर्धवट का सोडलं?' असं विचारू नका.