डोक्याला मार लागल्यावर माणूसच बदलला, काउन्सेलिंगने फरक पडतो का?

यावलची_सूनबाई
नमस्कार सगळ्यांना. आमच्या ह्यांचा मागच्या वर्षी पाळधीजवळ गाडीवरून अपघात झाला, डोक्याचं ऑपरेशन झालं, आता चालतात-फिरतात, केळीच्या बागेतही जातात, म्हणून सगळे म्हणतात बरा झाला की. घरातलं कोणाला दिसत नाही. पोराने टीव्हीचा आवाज वाढवला तरी ताट भिरकावतात आणि थोड्या वेळाने स्वतःच रडत बसतात, आधी असे अजिबात नव्हते. आखाजीला माहेरी पण गेले नाही, ह्यांना एकटं सोडायची भीती वाटते. परवा म्हणाले, मी वाचलोच कशाला. डॉक्टर म्हणतात स्कॅन चांगला आहे, सासूबाई भगताकडे न्यायचं म्हणतात, नणंद म्हणते सायकॉलॉजिस्टला दाखव. पण ज्यांना सकाळचं बोलणं संध्याकाळी आठवत नाही त्यांच्याशी नुसतं बोलून काय होणार?

शिरपूरचा_शेतकरी
ताई, बाकी सगळं नंतर. "वाचलोच कशाला" हे बोलणं हलक्यात घेऊ नका. जीव द्यायचे विचार येतात का असं त्यांना सरळ विचारा, विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. आणि फवारणीची औषधं आजच्या आज घरातून आणि शेडमधून हलवा, कुलूप लावा, चावी तुमच्याकडे ठेवा. टेली मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठी पण फोन करू शकता. पण ते जीव द्यायचं ठरवून बसलेत असं वाटलं तर फोनवर थांबू नका, एकटं न सोडता सरळ सिव्हिलला न्या.

क्लिनिकल_सायको_नाशिक
मी हेच काम करते म्हणून जरा लांब लिहिते. स्कॅन चांगला आहे म्हणजे रक्तस्राव नाही, सूज नाही. मेंदूतले बारीक तंतू ताणले-तुटलेले असतील तर ते साध्या सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत. कपाळामागचा भाग रागाला आवर घालतो, तिथे इजा असली की राग उसळतो आणि मागाहून पश्चात्ताप होतो. त्यावर "मी पहिल्यासारखा राहिलो नाही" हे दुःख वेगळं, आणि ते त्यांना चांगलंच कळत असतं. थेरपी दोन्हीसाठी असते.

विसरतात म्हणून थेरपी होत नाही असं नाही, ती बदलून करावी लागते. सेशन छोटं, एका वेळी एकच मुद्दा, तोच पुन्हा पुन्हा, सगळं वहीत लिहून द्यायचं आणि घरातलं एक माणूस सोबत बसवायचं. सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं बदलायचा सराव देणारी थेरपी, त्यात राग चढायच्या आधी अंगात काय होतं (कान तापणं, जबडा आवळणं) ते ओळखून तिथून उठून जायचा सराव करून घेतात. खरं सांगायचं तर डोक्याच्या इजेनंतरच्या डिप्रेशनवर कोणती थेरपी नक्की लागू पडते याचा पुरावा अजून कच्चा आहे, 2015 च्या कोक्रेन आढाव्यातही (म्हणजे झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासतात तो) ठाम उत्तर मिळालं नव्हतं. तरी मी करा म्हणेन, कारण राग कशाने चढतो हे घरच्यांना कळलं की भांडणं कमी होतात हे मी कामात बघते. डिप्रेशन जास्त असेल तर सोबत गोळ्याही लागतात, ते सायकियाट्रिस्ट ठरवतील.

अजून एक, फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम चालू आहे का बघा. त्या गोळीने काही जणांची चिडचिड खूप वाढते, उदासी पण येते. मनाने बंद करू नका हां, अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा.

अमळनेरकर
मला स्वतःला मार लागलेला आहे ताई. बाहेरून काही दिसत नाही ना, म्हणून लोक म्हणतात नाटक करतो. मी पण घरी एकच म्हणायचो, माले काही नई व्हयनं, आणि लग्नातल्या डीजेजवळ पाच मिनिटं उभा राहिलो की डोकं फुटायची वेळ. थकवा हे मोठं कारण आहे, दुपारी झोपायला लागल्यावर माझा संध्याकाळचा राग निम्मा झाला. सायकॉलॉजिस्टकडे सुरुवातीला बायकोच बोलायची, मी गप्प. मग त्यांनी मला विचारलं, अपघाताआधी काय आवडायचं? त्यावर जे बोलायला लागलो ते आजवर कोणाशी बोललो नव्हतो. भगताचं म्हणाल तर सासूबाईंशी भांडू नका, अंगारा लावायचा तर लावू द्या, पण गोळ्या बंद करायला सांगितल्या किंवा मारझोड केली तर तिथून उठून या.

यावलची_सूनबाई
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना रडूच आलं. फवारणीची औषधं काकांच्या घरी नेऊन ठेवली. ह्यांना सरळ विचारलं, म्हणाले विचार येतात पण पोरांकडे बघून थांबतो. आणि चिठ्ठीवर तीच गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ. दाखवायचं कुठे पण, पुण्या-मुंबईला नाही परवडणार.

क्लिनिकल_सायको_नाशिक
विचार येतात म्हणाले ना, मग उद्याच न्या, जळगाव सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत, आणि तोवर कोणीतरी सतत सोबत राहा. त्यांचं विचारांबद्दलचं वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. डिस्चार्ज कार्ड, स्कॅन आणि गोळ्यांची पाकिटं न्या. खाजगीत सायकॉलॉजिस्ट शोधलात तर आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन आहे का आणि डोक्याच्या इजेचे पेशंट बघता का, हे आधी फोनवरच विचारा. आणि आत जाताना तुम्ही पण बसा, ह्यांना एकट्याला पाठवू नका.